गुडघ्याचा भरवसा

मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा असलेला गुडघा केवळ हाडांच्या आकारावरून जोखला, तर तो अत्यंत बेभरवशाचा वाटतो. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत घट्ट बसलेले असते आणि त्या खोलगटपणामुळेच तो सांधा सहसा निखळत नाही. गुडघ्यात मात्र नडगीच्या हाडाचा वरचा माथा जवळजवळ सपाट असतो, त्यातही तो किंचित मागच्या बाजूला उतरता असतो आणि त्यावर मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नुसती टेकलेली असतात. तरीही याच सांध्यावर माणूस सिंहगड चढतो आणि उतरतो, पाठीवर पोते घेऊन जिना चढतो, मांडी घालून जेवायला बसतो आणि कबड्डीच्या चढाईत एका पायावर गर्रकन वळतो. हा सगळा भरवसा हाडांच्या घडणीतून येत नाही, तो हाडांना बांधणाऱ्या दोरांतून येतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीराला नावेची उपमा दिली आहे: फळ्या दोरांनी नीट बांधलेल्या असल्या की नाव माणसांचा भार पेलते, तसे सांधे बंधनांनी बांधलेले असल्यामुळे शरीर भार वाहते. त्याच ग्रंथात जानु, म्हणजे गुडघा, मर्मांमध्ये गणला असून तेथील इजेने माणूस लंगडा होतो, असे नोंदवले आहे. गुडघ्याचे शरीरशास्त्र समजून घ्यायला ही उपमा आजही पुरेशी उपयोगी आहे.

हाडाला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला अस्थिबंध म्हणतात. बोलीत सर्रास ‘लिगामेंट’ हाच शब्द चालतो. स्नायूला हाडाशी जोडणारा दोर वेगळा, त्याला कंडरा म्हणतात, आणि हा भेद पुढे शस्त्रक्रिया समजून घेताना महत्त्वाचा ठरतो. गुडघ्याचे मुख्य अस्थिबंध चार आहेत. आतल्या आणि बाहेरच्या कडेला एकेक असून ते गुडघ्याला बाजूला वाकू देत नाहीत; उरलेले दोन सांध्याच्या ऐन पोटात एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. या दोहोंपैकी पुढचा, ज्याला डॉक्टर आणि खेळाडू दोघेही ‘एसीएल’ म्हणतात, नडगीच्या माथ्यावर पुढच्या बाजूने निघतो आणि वर, मागे व बाहेर अशा तिरक्या वाटेने जाऊन मांडीच्या हाडाच्या खाचेत बाहेरच्या भिंतीवर रुजतो. लांबी साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढा हा दोर. पण नडगी पुढे सरकू पाहते तेव्हा तिला रोखण्याचे ८५ टक्क्यांच्या आसपास काम तो एकटा करतो.

त्याचे दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे आणि सामान्य वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. नडगी मांडीच्या हाडाखाली पुढे तर सरकू शकतेच, शिवाय ती स्वतःभोवती फिरूही शकते, आणि धावताना एकाएकी दिशा बदलली की हे फिरणे आवरावे लागते. एसीएलचे तंतू एकसारखे ताणलेले नसतात. त्यांचे दोन जुडगे असतात, त्यांपैकी एक गुडघा वाकलेला असताना अधिक ताणला जातो, तर दुसरा गुडघा सरळ होत आला की ताठ होऊन फिरण्याला अटकाव करतो. याशिवाय या दोरात मज्जातंतूंची सूक्ष्म टोके असतात, जी ताण किती आहे आणि सांधा कोणत्या कोनात आहे याची खबर मेंदूकडे सतत पाठवत असतात. म्हणून एसीएल तुटतो तेव्हा सांध्याचा एक दोर तुटतो आणि त्याच क्षणी सांध्याची एक जाणीवही बंद पडते. ‘पाय ठेवला आणि गुडघा सटकला’, ‘गुडघ्यावर विश्वास राहिला नाही’ असे रुग्ण सांगतात, ते या दोन्ही नुकसानींचे अचूक वर्णन असते.

पुणे शहरात ही दुखापत समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी खो-खोला नियमांची चौकट देण्यात येथील डेक्कन जिमखान्याचा मोठा वाटा होता. हुतूतूची कबड्डी होण्याची वाटचालही बरीचशी महाराष्ट्राच्या मैदानांवर झाली. पेठांतील तालमींत तांबड्या मातीवरची कुस्ती अजून टिकून आहे, आणि १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडानगरीमुळे शहराला आधुनिक मैदानेही मिळाली. या तिन्ही देशी खेळांत गुडघ्याची परीक्षा वेगवेगळ्या तऱ्हेने होते. खो-खोत पळती करणारा खेळाडू साखळी धरून डावी-उजवीकडे हुलकावण्या देत असतो आणि प्रत्येक हुलकावणीत एक पाय जमिनीत रोवून शरीर उलट दिशेला फेकावे लागते. कुस्तीत पट काढताना प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून ओढला जातो व वरचे धड दुसरीकडे वळते. कबड्डीत चढाई करणारा बोनस रेषेवर पाय टेकून परत फिरत असतानाच कोपऱ्यातला बचावपटू त्याच्या घोट्याला मिठी मारतो. पाऊल जखडलेले, शरीर मध्यरेषेकडे झेपावलेले आणि या ओढाताणीच्या मधोमध गुडघा. त्यातच मातीवर जे पाऊल थोडे घसरून सुटले असते, ते मॅटवर बुटाच्या पकडीमुळे रोवून राहते, आणि पावलाने न घेतलेला पीळ गुडघ्याला घ्यावा लागतो.

तरीही बहुतेक वेळा एसीएल धक्क्याविनाच तुटतो, ही गोष्ट अनेकांना नवलाची वाटते. उडी मारून खाली येताना किंवा वेगात थांबून वळताना गुडघा पुरेसा वाकलेला नसतो, तो आतल्या बाजूला कलतो, आणि पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत दोर तुटून मोकळा होतो. इतक्या अल्पावधीत मेंदूपर्यंत इशारा जाऊन स्नायू आवळले जाणे शक्यच नसते. म्हणजे स्नायूंनी वाचवायचे असेल, तर ते पाय टेकण्याच्या आधीच सज्ज असावे लागतात. पुण्याच्या रस्त्यांवर याच दुखापतीचे आणखी एक रूप दिसते: पावसाळ्यात ओल्या वळणावर स्कूटर घसरते, चालवणारा सवयीने पाय खाली टाकतो, पाऊल डांबराला चिकटते आणि गाडीच्या वजनासह शरीर पुढे फिरते. ज्यांनी आयुष्यात कधी मैदान पाहिले नाही, अशांचाही एसीएल या रीतीने तुटतो. समोरून नडगीवर आघात होऊन मागचा फुलीबंध तुटण्याचे प्रकारही दुचाकीच्या अपघातांतच अधिक घडतात.

दुखापतीच्या क्षणी अनेकांना ‘कट्’ असा आवाज जाणवतो, काही तासांतच गुडघा टम्म फुगतो, कारण तुटलेल्या दोरातील रक्तवाहिनी सांध्यात रक्त सोडते. येथून पुढे मात्र गोंधळ सुरू होतो. घरचे म्हणतात लचक भरली, शेजारी म्हणतात वाटी सरकली. चोळणारा गाठला जातो, लेप लागतो, आणि एक्स-रे काढलाच तर त्यात हाडे शाबूत दिसल्यामुळे सगळे निर्धास्त होतात. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते, सरळ रस्त्यावर चालताना काही जाणवत नाही, कारण सरळ चालण्यासाठी या दोराची फारशी गरजच नसते. मुलगा किंवा मुलगी पुन्हा मैदानात उतरते, पहिल्याच हुलकावणीला गुडघा सटकतो, आणि अशा प्रत्येक सटकण्यात हाडांच्या मधल्या चंद्रकोरीसारख्या कूर्चा, ज्यांना बोलीत ‘गुडघ्यातली गादी’ म्हणतात, चिरडल्या जातात. दोर नवा करता येतो, पण पार फाटून काढून टाकावी लागलेली गादी परत मिळत नाही. म्हणून या आजारात खरे मोठे नुकसान अनेकदा पहिल्या दुखापतीपेक्षा नंतरच्या दुर्लक्षाने होते.

निदानासाठी आजही अनुभवी हातांना तोड नाही. रुग्णाला उताणे निजवून, गुडघा २० ते ३० अंश वाकवून, डॉक्टर एका हाताने मांडी स्थिर धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतात. शाबूत दोर असेल तर थोडे पुढे येताच नडगी खट्कन अडते, तुटलेला असेल तर ती मऊपणे पुढे येतच राहते आणि अडण्याची ती जाणीव हाताला मिळत नाही. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी १९७६मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. एमआरआय त्यानंतर करायचा असतो, तो गादी, हाडांवरील कूर्चा आणि बाजूचे अस्थिबंध यांची स्थिती कळावी म्हणून.

आता प्रश्न असा, की कापलेली त्वचा जुळते, मोडलेले हाड सांधते, मग हा दोर आपोआप का जुळू नये? आतल्या कडेचा अस्थिबंध पुष्कळदा शस्त्रक्रियेविना जुळतोही, कारण त्याच्याभोवती रक्ताची गाठ टिकते आणि त्या गाठीच्या आधाराने नवे तंतू विणले जातात. एसीएल मात्र सांध्यातील वंगणासारख्या द्रवात बुडालेला असतो. तेथे रक्ताची गाठ टिकतच नाही आणि तुटलेली दोन टोके एकमेकांना भेटत नाहीत. ही गोष्ट शल्यचिकित्सकांना पुष्कळ उशिरा पटली. इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉब्सन यांनी १८९५मध्ये एका खाणकामगाराचे फुलीबंध शिवले होते, आणि पुढे कित्येक दशके शिवण्याचाच प्रयत्न होत राहिला. १९७६मध्ये अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या लष्करी छात्रांवरील पाच वर्षांच्या पाहणीत असे शिवलेले बहुतेक गुडघे पुन्हा ढिले झाल्याचे दिसले, तेव्हा त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. दुसरी वाट ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७मध्येच दाखवून ठेवली होती: तुटका दोर शिवत बसण्याऐवजी शरीरातीलच दुसरी पट्टी घेऊन, हाडांत बोगदे पाडून, त्यांतून ती ओवायची. मधल्या काळात, विशेषतः १९८०च्या दशकात, कृत्रिम धाग्यांचे दोरही वापरून झाले. पण ते झिजले, तुटले आणि त्यांच्या कणांनी सांध्यात दाह निर्माण केला. शरीराने दुरुस्त करता येईल असा दोरच अखेर टिकतो, हा धडा त्यातून मिळाला.

आज ही पुनर्रचना सांध्यात दुर्बीण घालून केली जाते, आणि त्या दुर्बिणीच्या इतिहासात जपानचा मोठा वाटा आहे. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८मध्ये मूत्राशय पाहण्याच्या दुर्बिणीतून मृतदेहाच्या गुडघ्यात डोकावून पाहिले आणि त्यांच्या परंपरेतील मासाकी वातानाबे यांनी १९६२मध्ये दुर्बिणीतून गादीचा फाटका भाग काढला. १९८०मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड डँडी यांनी याच मार्गाने एसीएलची पुनर्रचना केली. पुण्यात हे तंत्र रुजायला जमीन तयार होती. ससून रुग्णालयाची सार्वजनिक परंपरा १८६७पासूनची, कृत्रिम अवयव केंद्र १९४४चे, सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय १९४८चे, डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५मध्ये सुरू केलेले अस्थिरोग रुग्णालय शिवाजीनगरात वाढले आणि भारतीय गुडघ्यांच्या मापाचा कृत्रिम सांधा घडवण्याचे कामही त्यांच्या हातून झाले. लष्कराची प्रबोधिनी आणि २००१पासूनची लष्करी क्रीडा संस्था याच शहरात असल्यामुळे तरुण, कष्टाळू आणि लवकर कामावर परतण्याची निकड असलेले गुडघे येथील डॉक्टरांपुढे सतत येत राहिले. सैनिकाला पाठीवर ओझे घेऊन डोंगर उतरायचा असतो. त्याचा गुडघा बरा झाला की नाही हे चालण्यावरून ठरत नाही, उतरण्यावरून ठरते.

प्रत्येक तुटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया हवीच असते असे नाही, आणि हे रुग्णाला स्पष्ट सांगितले जाणे अत्यंत आवश्यक आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर केलेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्या रुग्णांवर लवकर शस्त्रक्रिया झाली, तर उरलेल्यांना आधी व्यायामोपचार देऊन गरज पडली तरच शस्त्रक्रिया देऊ केली गेली. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच होते आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. ज्याचे काम बैठे आहे, ज्याला वळणे-उड्या मारणे नाही आणि ज्याचा गुडघा व्यायामानंतर सटकत नाही, त्याला थांबून पाहण्याचा पूर्ण अधिकार आहे. कबड्डीपटू, पैलवान, पोलीस, सैनिक किंवा ज्याची गादीही फाटली आहे असा रुग्ण यांचे गणित वेगळे. शस्त्रक्रिया ठरली तरी घाई हानिकारकच असते. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया केल्यास सांधा कायमचा ताठर होण्याचा धोका वाढतो, म्हणून सूज उतरून पाय पूर्ण सरळ होईपर्यंत थांबणे हिताचे.

शस्त्रक्रियेत गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना सुमारे एकेक सेंटिमीटरची छिद्रे घेतली जातात. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजारे जातात आणि सांधा खारट पाण्याने फुगवून ठेवला जातो. पडद्यावर तुटक्या दोराची टोके पाण्यात झुलणाऱ्या कापसाच्या वातीसारखी दिसतात. दरम्यान नडगीच्या आतल्या बाजूला घेतलेल्या लहानशा छेदातून मांडीमागच्या दोन स्नायूंच्या कंडरा काढलेल्या असतात. शेजारच्या टेबलावर सहायक त्यांच्यावरचे मांस खरवडून काढतो, त्या दुमडून चार पदरी करतो, टोके धाग्याने घट्ट विणतो आणि मापाच्या पट्टीवरील भोकांतून एकामागून एक ओढून पाहतो: साडेआठच्या भोकातून सैल जातो, आठच्या भोकातून अंगासरशी जातो, म्हणजे दोर आठ मिलिमीटरचा. आठपेक्षा बारीक दोर तरुण खेळाडूंत पुन्हा तुटण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच ज्यांच्या कंडरा मुळात बारीक आहेत, त्यांच्यासाठी घोट्याच्या बाहेरून जाणारी पेरोनियस लाँगस ही कंडरा घेण्याची पद्धत भारतात अलीकडे वाढली आहे. वाटीखालच्या कंडरेचा मधला पट्टा हाडाच्या तुकड्यांसह घेतल्यास तो बोगद्यात लवकर रुजतो, परंतु पुढे गुडघे टेकून बसताना दुखू शकते. जमिनीवर बसून पूजा, जेवण, नमाज किंवा शेतातली निंदणी करणाऱ्या समाजात ही बाब किरकोळ मानता येत नाही.

खरे कौशल्य बोगद्यांच्या जागेत आहे. मांडीच्या हाडातील बोगदा मूळ दोर जेथे रुजलेला होता तेथेच, म्हणजे खाचेच्या बाहेरच्या भिंतीवर पुरेसा खाली पडला पाहिजे. पूर्वी नडगीच्या बोगद्यातूनच वरचा बोगदा पाडला जाई. त्यामुळे तो खाचेच्या छताकडे जाई आणि दोर फार उभा बसे. अशा गुडघ्यात नडगी पुढे ओढली तर ती अडत असे, पण फिरवली तर फिरतच असे. तपासणीच्या टेबलावर यशस्वी ठरलेला गुडघा मैदानात सटकत राही. आता वरचा बोगदा स्वतंत्र वाटेने पाडून दोर तिरका बसवतात, वर धातूच्या इवल्याशा बटणाने व खाली स्क्रूने तो पक्का करतात. ज्यांचा गुडघा फिरण्यात फारच ढिला आहे, त्यांच्यात मांडीच्या बाहेरची एक पट्टी वळवून जादा आधारही देतात. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहाशेहून अधिक तरुण रुग्णांवरील चाचणीत या आधारामुळे नवा दोर तुटण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आल्याचे दिसले.

येथवरचे काम तास-दीड तासाचे. पुढचे काम महिन्यांचे, आणि ते दुर्बिणीला दिसत नाही. बसवलेली कंडरा आपल्या मूळ जागेवरून तोडलेली असल्याने तिचा रक्तपुरवठा संपलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत तिच्यातील पेशी मरतात, मग सांध्यातून नव्या रक्तवाहिन्या तिच्यावर चढतात, नव्या पेशी आत शिरतात आणि जुने तंतू मोडून नवे तंतू घालतात. या मोडतोडीच्या काळात, म्हणजे साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान, दोर सर्वांत दुबळा असतो. आणि नेमक्या याच काळात वेदना थांबलेली असते, कुबडी सुटलेली असते, जिना सहज चढता येतो आणि रुग्णाला आपण बरे झालो असे मनापासून वाटते. या शस्त्रक्रियेतील सर्वांत मोठा धोका या विसंगतीत आहे. फिजिओथेरपीच्या फेऱ्या याच सुमारास थांबतात, कारण कामावर सुट्टी उरलेली नसते, खर्च झालेला असतो, आणि दुखत नसलेल्या पायासाठी आठवड्यातून तीनदा कोणी का जावे हे घरच्यांना कळत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्यानंतरच्या नऊ महिन्यांचा खर्च हे एकाच उपचाराचे दोन भाग आहेत, असे पहिल्याच भेटीत सांगणारा डॉक्टर रुग्णाचे मोठे भले करतो.

या महिन्यांत करायचे काय, तर आधी पाय पूर्ण सरळ करायचा, मग मांडीच्या पुढचा स्नायू जागा करायचा. सूज आणि इजा यांमुळे मज्जासंस्था त्या स्नायूला जणू कुलूप घालते; मनात आणूनही तो पुरता आवळला जात नाही आणि काही आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. त्यानंतर एका पायावर तोल, बैठका, पायरी उतरणे, मग धावणे, मग उडी, आणि अगदी शेवटी दिशा बदलणे. नॉर्वे व अमेरिकेतील १०६ खेळाडूंच्या २०१६च्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने लांबवले, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटल्याचे आढळले. विनेश फोगाट यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांनी पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, तेव्हा मधे जवळजवळ पूर्ण वर्ष गेले होते. देशातील उत्तम साधने हाताशी असलेल्या पैलवानाबाबतही हा काळ महिन्यांतच मोजावा लागला. परतण्याची परवानगी देताना तारखेबरोबर मापेही पाहिली जातात: एका पायावर लांब उडी, तीन सलग उड्या, ठरावीक अंतर लंगडत कापण्याचा वेळ, मांडीची ताकद, आणि ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्क्यांपर्यंत आला पाहिजे.

सारखेच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण अनेक पटींनी अधिक असते, आणि २०२५च्या खो-खो विश्वचषकानंतर मैदानावर येणाऱ्या मुलींची संख्या वाढत असताना ही बाब शाळांनी मनावर घेण्यासारखी आहे. उड्या, तोल, मांडीमागच्या स्नायूंची ताकद आणि योग्य तऱ्हेने जमिनीवर उतरण्याची सवय यांवर बेतलेल्या वीस मिनिटांच्या सरावपूर्व व्यायामाने ही दुखापत साधारण निम्म्याने कमी होते, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. त्याला यंत्र लागत नाही, मॅट लागत नाही. लागतो तो एक शिक्षक, जो मुलींना ओळीने ठोकळ्यावरून खाली उडी मारायला लावतो, समोर उकिडवा बसतो आणि पाय टेकताना कोणाचा गुडघा अंगठ्याच्या रेषेत राहिला व कोणाचा आत कलला हे पाहून त्या मुलीला पुन्हा ठोकळ्यावर चढायला सांगतो.